केस उपटण्याची सवय : 'का करतेस?' पासून 'कधी करतेस?' पर्यंत



एकलहऱ्याहून येणारे माझे बरेच रुग्ण केस गळण्याची तक्रार घेऊन येतात, तेव्हा कारणही सोबतच घेऊन येतात. औष्णिक वीज केंद्राची राख, नाहीतर तिथलं पाणी. २१० मेगावॅटचे तीन कोळशाचे संच उशाशी असल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी धूळ डोक्यावरही बसणार, तेव्हा त्यांचा संशय अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक आई दहावीतल्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीनं डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. आई सांगत होती, "डॉक्टर, त्या राखेनं पोरीचे केस चाललेत. दोन तेलं बदलली, शाम्पू बदलला, कांद्याचा रस लावला, काही फरक नाही." आई बोलत असताना मुलीचा उजवा हात हळूच स्कार्फखाली सरकला. आईनं बोलता बोलताच तिच्या हातावर चापट मारली. "सारखा हात डोक्यात! किती वेळा सांगितलं हिला!" आणि पुन्हा राखेबद्दल बोलू लागली.

आईला तो हात रोज दिसत होता. तो हात आणि गेलेले केस यांचा संबंध मात्र तिच्या लक्षात आला नव्हता. आज आपण या सवयीचा इतिहास बघणार आहोत. तो वाचल्यावर तुम्हाला जाणवेल की त्या माऊलीची जी चूक झाली, तीच वैद्यकशास्त्रानंही फार मोठा काळ केली.

आधी आजाराची ओळख

स्वतःचे केस वारंवार उपटणे, त्यामुळे केस विरळ होणे किंवा चकता पडणे, आणि थांबवायचा प्रयत्न करूनही न थांबणे, या आजाराला 'ट्रायकोटिलोमेनिया' म्हणतात. डोक्याचे केस, भुवया, पापण्या, दाढी, कुठलेही केस उपटले जाऊ शकतात. सुरुवात बहुतेक वेळा दहा ते तेरा वर्षांच्या आसपास होते. साधारण शंभरात एक-दोघांना हा त्रास असतो. तुमच्या मुलाच्या शाळेत हजार विद्यार्थी असतील तर हा त्रास असलेलं कुणीतरी तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

'चाई' आणि हा आजार यांत गल्लत होते. चाईमध्ये चकता गोल आणि गुळगुळीत असतो. गजकर्ण असेल तर कोंड्यासारखे पापुद्रे आणि खाज असते. उपटलेल्या जागेचा आकार वेडावाकडा असतो आणि त्यात वेगवेगळ्या लांबीचे खुंट असतात : काही आज तुटलेले, काही मागच्या आठवड्यात उगवलेले. राखेनं किंवा पाण्यानं केस गेले तर ते सगळीकडून विरळ होतील. उजव्या हाताच्या टप्प्यात, एकाच बाजूला, असे जाणार नाहीत.

ग्रीक वैद्यानं काय पाहिलं

केस आणि दुःख यांचं नातं जुनं आहे. आपल्याकडेही माणूस गेल्यावर ऊर बडवून, केस ओढून रडणाऱ्या बायका तुमच्या आजीनं पाहिल्या असतील. त्रासलेला माणूस आजही म्हणतो, "डोक्याचे केस उपटायची वेळ आलीय!"

वैद्यकीय नोंदींत हे पहिल्यांदा दिसतं ते सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणात. हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णनोंदींमध्ये थासोस बेटावरची एक स्त्री आहे. दुःखाचा आघात झाल्यानंतर ती तापानं फणफणली. ती अंगावर पांघरूण ओढून गप्प पडून राही, चाचपडत असे, खाजवत असे, केस उपटत असे, मध्येच रडे, मध्येच हसे. आजचे अनेक लेखक या आजाराची पहिली नोंद म्हणून हिच्याकडे बोट दाखवतात. मला स्वतःला तो तापातल्या भ्रमाचा प्रकार वाटतो. पण त्या वैद्याचं कौतुक करायला हवं. त्यानं हात काय करतोय ते लिहून ठेवलं आणि तिला दोष दिला नाही.

आपल्या सुश्रुतसंहितेत आणि चरकसंहितेत केस जाण्याचा विचार 'इंद्रलुप्त' आणि 'खालित्य' या नावांखाली येतो. तो भर दोष आणि केसांची मुळं यांवर आहे. थोडक्यात, एकीकडे दुःख, दुसरीकडे मुळं.

हाताने केस काढणं म्हणजे आजार नव्हे

इथे थोडं थांबून आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण बघू. नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथ हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांमध्ये 'केशलोच' येतो. दोन ते चार महिन्यांच्या अंतरानं मुनी स्वतःच्या हातानं डोक्याचे आणि दाढीचे केस उपटतात. कात्री नाही, वस्तरा नाही. पकड बसावी म्हणून बोटांना राख लावतात.

कृती तीच आहे, मग याला आजार का म्हणायचं नाही? कारण केशलोचाची वेळ ठरलेली असते, तो जाणीवपूर्वक होतो, लोकांसमोर होतो आणि संपतो. मुनी 'आज नाही' असं ठरवू शकतात. आपल्या दहावीतल्या मुलीला ते ठरवता येत नव्हतं. तिचा हात कधी गेला हे अनेकदा तिलाच कळत नव्हतं, आणि जेव्हा कळत होतं तेव्हा थांबवता येत नव्हतं. बिघाड नेमका इथे आहे, हात आणि लक्ष यांच्या नात्यात.

लपवावंसं का वाटतं

हा आजार असलेले लोक डॉक्टरकडे उशिरा येतात. वर्षानुवर्षं स्कार्फ, भांग बदलणं, काजळानं भुवया रेखणं, केशकर्तनालय टाळणं, लग्नाची बोलणी पुढे ढकलणं असं चालू राहतं. बायकांच्या बाबतीत आपल्याकडे या लाजेला आणखी एक जुना पदर आहे. महाराष्ट्रात ब्राह्मण आणि तत्सम घरांमध्ये विधवेचं केशवपन करत. केस नसलेलं बाईचं डोकं म्हणजे अशुभ, असा अर्थ समाजानं शतकानुशतकं लावला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत केशकर्तन करणाऱ्या कारागिरांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, तेव्हा कुठे त्या प्रथेला जाहीर धक्का बसला.

प्रथा गेली, पण डोक्यातला अर्थ तितक्या लवकर जात नाही. "मुलीच्या जातीला असं टक्कल बरं दिसत नाही" हे वाक्य मी आजही ऐकतो. ते ऐकणारी मुलगी आणखी लपवते, एकटी बसते, आणि एकटी असली की हात जास्त जातो.

१८८९ : नाव मिळालं

लोखंडे यांच्या त्या चळवळीच्या जेमतेम वर्षभर आधी, १८८९ साली, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ फ्रान्स्वा आन्री आलोपो यांनी एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. तो अंगावरचे केस उपटून काढत होता. ग्रीक भाषेतले 'केस', 'उपटणे' आणि 'वेड' असे तीन शब्द जोडून त्यांनी आजाराला नाव दिलं. तेच आजही वापरतो.

नाव मिळालं हे चांगलं झालं, पण त्यासोबत दोन अडचणी आल्या. नावात 'वेड' हा शब्द कायमचा चिकटला, आणि यावर उपाय नाही असं आलोपो यांचं मत पडलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं हा आजार त्वचारोगाच्या ग्रंथांत, केस जाण्याच्या कारणांच्या यादीत, एका ओळीपुरता उरला. कातडीचे डॉक्टर डोकं तपासत, हात तपासायची पद्धतच नव्हती.

शल्यचिकित्सकांना मात्र याची दुसरी बाजू माहीत होती. १७७९ साली बोदामां या फ्रेंच डॉक्टरांनी सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटातल्या केसांच्या गोळ्याचं वर्णन केलं होतं. उपटलेले केस काहीजण तोंडात घालतात, त्यातले थोडे गिळतात. केस पचत नाहीत. जठरात त्यांचा गोळा होतो, आणि कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते. १९६८ साली या शेपटीवाल्या प्रकाराला परीकथेतल्या लांब केसांच्या रॅपन्झेलचं नाव मिळालं. पोटातून केसांचा गोळा काढल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतूनही अधूनमधून येतात. तेव्हा ही 'नुसती खोड' आहे असं समजून सोडून देऊ नका.

बोट आईकडे वळलं

विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषणाचा जोर होता. प्रत्येक लक्षणामागे दडलेला अर्थ शोधायचा. केस म्हणजे कशाचं प्रतीक, उपटणं म्हणजे कुणावरचा राग, अशी चर्चा होई. १९६५ साली ग्रीनबर्ग आणि सार्नर यांनी एका शोधनिबंधात आई आणि मूल यांच्या गुंतलेल्या, बिघडलेल्या नात्यावर भर दिला.

त्या काळच्या आयांचं काय झालं असेल विचार करा. आधीच मुलीच्या टकलानं खचलेली बाई डॉक्टरकडे जायची आणि 'कारण तुम्हीच आहात' हे ऐकून परत यायची. आज आपण याकडे मेंदू, आनुवंशिकता, ताण आणि सवय यांच्या मिश्रणातून झालेला आजार म्हणून पाहतो. आई-वडिलांच्या वागण्यानं तो वाढू किंवा कमी होऊ शकतो, पण तो त्यांनी 'दिलेला' नसतो. हे वाचणारी एखादी आई असेल तर एवढं वाक्य पुन्हा वाचा.

१९७३ : प्रश्न बदलला

आतापर्यंत प्रत्येकजण एकच प्रश्न विचारत होता. 'का?' का उपटतेस? कसलं दुःख आहे? कुणावर राग आहे? रुग्णाला उत्तर माहीत नसायचं, म्हणून तो गप्प बसायचा. मग त्याला हट्टी म्हणायचं.

१९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले मानसशास्त्रज्ञ नेथन एझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी बारा जणांवरचा एक छोटा अभ्यास छापला. कुणी नखं खायचं, कुणी अंगठा चोखायचं, कुणी पापण्या उपटायचं, कुणी खांदा उडवायचं. 'का' हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं : हात कधी जातो? कुठे बसलेले असता? त्याआधी बोटं काय करत असतात? केसांपर्यंत पोचायच्या आधीची पहिली हालचाल कोणती?

मग दुसरी पायरी. ती पहिली हालचाल जाणवली की लगेच त्याच हातानं असं काहीतरी करायचं की केस उपटणं शक्यच होणार नाही. मूठ घट्ट आवळायची किंवा एखादी वस्तू पकडून ठेवायची, काही मिनिटं. तिसरी पायरी म्हणजे घरातल्या माणसानं पकडून दाखवायचं नाही, जमलं की कौतुक करायचं. या पद्धतीला 'हॅबिट रिव्हर्सल' म्हणतात, आपण 'सवय-बदल' म्हणू. पुढे १९८० साली त्यांनी खास केस उपटणाऱ्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. आरशासमोर मुद्दाम तशीच हालचाल करायला लावण्याच्या जुन्या उपायापेक्षा ती सरस ठरली.

त्याच १९७३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकात आला होता. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कल्पनांवर, म्हणजे आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान यांवर, आधारलेली उपचारपद्धती त्यांनी चिंतेच्या आणि मनोकायिक आजारांच्या रुग्णांसाठी बसवली होती. ते संशोधन केस उपटण्याबद्दल नव्हतं, त्यामुळे त्याचा नको तेवढा अर्थ काढू नका. पण लक्ष परत आपल्या शरीराकडे आणण्याचा सराव हा उपचार होऊ शकतो, हा विचार परळच्या महापालिकेच्या रुग्णालयातही तपासला जात होता हे तुम्हाला माहीत असावं. पुढे सवय-बदलाच्या पद्धतीत अशाच प्रकारच्या सजगतेच्या सरावांची भर पडली.

औषधं आणि वर्गीकरण

१९८७ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात (डीएसएम) या आजाराला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. तिथे अट होती की उपटण्याआधी ताण वाढला पाहिजे आणि नंतर हलकं वाटलं पाहिजे. पण टीव्ही बघताना, अभ्यास करताना, नकळत उपटणारे कितीतरी जण या अटीत बसत नव्हते. २०१३ साली ती अट काढली आणि आजार ओसीडीच्या कुटुंबात ठेवला. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो त्वचा खरवडण्याच्या आजारासोबत 'शरीराकडे वळणाऱ्या पुनरावृत्तीच्या सवयी' या गटात आहे. म्हणजे नावातलं 'वेड' राहिलं, तरी व्याख्येतून ते गेलं.

आलोपो यांच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, १९८९ साली, क्लोमिप्रामिन या औषधाचा छोटा अभ्यास आला आणि आशा वाढली. पण २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये वर्तनोपचार आणि फ्लुओक्सेटिन यांची तुलना झाली, तेव्हा वर्तनोपचार पुढे होता आणि औषध नुसतं वाट पाहण्यापेक्षा सरस ठरलं नाही. २००९ मध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधानं ५० प्रौढांच्या चाचणीत ५६ टक्के रुग्णांना बराच फरक पडला, बनावट गोळी घेणाऱ्यांत १६ टक्क्यांना. मात्र २०१३ मध्ये मुलांवर तीच चाचणी केली तेव्हा फायदा दिसला नाही. म्हणून औषधं वाईट असं नाही. नैराश्य, चिंता सोबत असेल तर ती लागू शकतात. पण स्वतःच्या मनानं दुकानातून आणून मुलांना देऊ नका.

मग तुम्ही काय करायचं?

१. एक छोटी वही करा. आठवडाभर थांबवायचा प्रयत्नही करू नका, फक्त नोंद करा : वेळ, जागा, काय चालू होतं, कुठला हात.

२. नोंदींमधून दोन-तीन ठरलेल्या जागा सापडतील. रात्रीचा अभ्यास, मोबाईल, बाथरूमचा आरसा, झोपण्याआधीचा अर्धा तास. तिथेच बदल करा. आरशाजवळचा दिवा मंद करा, चिमटा घरातून काढून टाका, अभ्यासाला बसताना टोपी घाला किंवा बोटांना चिकटपट्टी लावा.

३. हात वर निघाला की मूठ आवळा आणि एक ते तीन मिनिटं तशीच ठेवा. कोपर अंगाला टेकवा. वर्गात कुणाला कळणारही नाही.

४. घरच्यांनी हातावर चापट मारू नये, चारचौघांत "हात काढ" म्हणू नये. हवी तर दोघांत एक खूण ठरवा.

५. पुन्हा सुरू झालं तर सगळं वाया गेलं असं समजू नका. हा आजार चढ-उताराचा आहे. परीक्षेच्या दिवसांत वाढतो. वही पुन्हा काढा.

६. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर घाबरू नका. या वयातली सवय बहुधा आपोआप जाते.

७. पोटात दुखणं, उलट्या, भूक मंदावणं, वजन घटणं, पोटात गाठ लागणं यांतलं काही असेल किंवा मूल केस तोंडात घालत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा आणि केस खाण्याची गोष्ट आवर्जून सांगा. लाजेनं ती लपवली तर निदान चुकतं.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा वर्तनोपचार जाणणारे मानसशास्त्रज्ञ यात मदत करतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता त्या मुलीचं सांगून थांबतो. तिच्या वहीत पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. वडिलांची रात्रपाळी असली की ती हॉलमध्ये एकटी अभ्यासाला बसायची, डाव्या हातात पुस्तक आणि उजवा हात मोकळा. आईला मी एकच काम दिलं : त्या रात्री जवळ बसायचं, भाजी निवडायची, पण डोक्याकडे बघायचं नाही. उजव्या हातात पेन आलं. केस उगवायला महिने लागले, मध्ये दोनदा घसरणही झाली. बारावीच्या वर्षी ती आली तेव्हा डोक्यावर स्कार्फ नव्हता. आई म्हणाली, "राख तर अजून पडतेच की हो डॉक्टर." आणि तिघंही हसलो.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आजपासून 'का करतेस?' हा प्रश्न बंद करा. 'कधी होतं गं?' एवढंच विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐका.